एकाच शिफ्टची मागणी

ती. वन्संना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. मुलांचा खोकला गेला असेल, वरचा भाडेकरूही गेला असेल, अशी आशा. इकडे माझं बरं आहे. तुमच्या भावाचंही बरं असावं, कारण घोरणं खणखणीत आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, बिस्किटांच्या कारखान्यात हे रात्री भट्टीवर आणि मी दिवसा पॅकिंगला. सकाळी फाटकापाशी मी घराची किल्ली त्यांच्या हातात देते, संध्याकाळी ते माझ्या. (घर आमचं दोघांचं, किल्ली एकच, कारण दुसरी यांनी हरवली.) बोटाला बोट लागतं, तेवढाच आमचा संसार. रविवारी दोघांना सुट्टी, पण ती हे घोरण्यातच काढतात.

तर सरकार कामगारांसाठी नवा कायदा करणार आहे. एका कारखान्यातल्या नवरा-बायकोला एकच शिफ्ट मागता येईल, असं त्याच्या मसुद्यात आहे म्हणे. लोकांची मतं घ्यायला गेल्या महिन्यात एक अधिकारीबाई आल्या. मॅनेजरनी आधीच सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. मी पंखा मागायचा, असं ठरलं होतं. माईक हातात आला आणि समोर पाहते तर मागच्या रांगेत हे! शिफ्ट संपूनही थांबवून घेतलेले. दिवसाउजेडी, डोळे उघडे. कानशिलावरचे केस कधी पांढरे झाले, मला पत्ताच नाही. पंखा राहिला बाजूला. मी म्हणाले, "बाई, मला हा माणूस जागा हवाय."

जो हशा पिकला, विचारू नका! हे भट्टीसारखे लाल झाले. अधिकारीबाईंनी मात्र न हसता लिहून घेतलं. मॅनेजरना काय वाटलं कोण जाणे, कायदा यायच्या आधीच त्यांनी आठवडाभर आम्हाला एक शिफ्ट देऊन टाकली.

पहिल्या संध्याकाळी आम्ही समोरासमोर बसलो, पाहुण्यांसारखे. यांनी विचारलं, "तू चहात साखर घेतेस ना?" वन्सं, हसू की रडू कळेना. मग मात्र यांची जीभ सुटली. भट्टीवरच्या गमती सांगत होते, आणि मी नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत होते. आठवड्याच्या शेवटी खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावरून आम्ही कडाकडा भांडलो. इतकं मनसोक्त भांडण किती वर्षांत झालं नव्हतं!

सोमवारपासून पुन्हा फाटक आणि किल्ली. घरी येते तेव्हा यांची उशी दबलेली असते. ती मी सरळ करत नाही.

मुलांना आशीर्वाद. आपली,
भावजय

ता.क. कायदा नक्की येणार, असं अधिकारीबाई म्हणाल्या. कधी, ते म्हणाल्या नाहीत.

ता.क. पुन्हा: जवळचं माणूस अंथरुणाला खिळलं तर दोघांना एकत्र रजा मिळते, हा नियम जुनाच आहे. वन्सं, दोन-तीन दिवस आजारी पडाल का? फार नको, दोघांना यावं लागेल इतपतच. आणि आम्ही पोचलो की मुलांना घेऊन जरा शेजारी जाऊन बसा. आजारी माणसाला तेवढं फिरणं बरं असतं.