चार चमचे मीठ

दादा,

रविवारच्या आपल्या घरगुती स्वयंपाक स्पर्धेचा व्हिडिओ तू आज पुन्हा ग्रुपवर टाकलास. तो बघून मला किळस आली. तुझी आली, आणि त्याहून जास्त माझी स्वतःची.

आजारपणात आईच्या जिभेची चव गेली, हे मीच तुला फोनवर सांगितलं होतं. तरी परीक्षक तीच हवी, हा तुझा हट्ट. तिच्या पाठीमागे तू स्वतः केलेल्या सुपाच्या तिच्या वाटीत चार चमचे मीठ ढवळलंस आणि ओठांवर बोट ठेवून आम्हाला गप्प केलंस. एक घोट घेऊन ती म्हणाली, "छान जमलंय हो! पहिला नंबर तुझाच." वहिनी तोंडाला पदर लावून हसली, मुलं गडाबडा लोळली. मीही खिदळले, दादा. आईने सगळी वाटी संपवली.

तुम्ही गेल्यावर ती बेसिनपाशी भडाभडा ओकली. मी पाठ चोळत होते.

"चव नाही कळत गं, पण घशाला झोंबतं ना," ती म्हणाली.

"मग वाटी खाली का नाही ठेवलीस?"

"इतक्या महिन्यांनी आला होता तो. सगळे हसत होते. म्हटलं, हसू देत."

तुला काही बोलायचं नाही, असा शब्द तिने माझ्याकडून घेतलाय, म्हणून हे पत्र माझ्याकडेच राहील. येत्या रविवारी पुन्हा स्पर्धा ठेवू का, असं तू विचारलंयस. मी "नको" असं लिहिलंय, पण अजून पाठवलेलं नाही. आई आतून तिसऱ्यांदा विचारतेय, "येतोय का गं तो?"

तुझी धाकटी