अर्ध्या अंशाचा फरक

ता. ६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा गुडघा आता कसा आहे? जिना चढू नकोस, असं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून गच्चीवर जाणं सोडलं असशील, यावर माझा विश्वास नाही.

आता मुद्द्याचं. काल ह्यांच्या नावाने पत्र आलं. हौशी हवामानवाल्यांचं ते मंडळ तुला माहीत आहे. चाळीसेक माणसं आपापल्या अंगणात थर्मामीटरची पेटी ठेवतात, रोज सकाळी आठला पारा वाचतात आणि महिन्याचा तक्ता, पत्रं सगळं चिटणिसांमार्फत एकमेकांना पाठवतात. ओळख फक्त नंबराची. नावं एकट्या चिटणिसांना ठाऊक. हे नऊ नंबर. पत्र सतरा नंबरचं आहे. तो लिहितो, की तुमच्याकडे वर्षानुवर्षं माझ्यापेक्षा एक अंश जास्त असायचा, तीन डिसेंबरपासून अर्धाच जास्त असतो. चौदा महिने झाले. पेटी हलवली का? तब्येत बरी आहे ना?

तुला आठवतंच ती तारीख. हे पहाटे गेले. तू आठवडाभर इथेच होतीस. आठ वाजता मी मागच्या दाराने बाहेर गेले, तेव्हा तोंड धुवायला गेले असं तुला वाटलं. मी पारा वाचून आले. एकोणतीस वर्षांत एक सकाळ चुकली नव्हती, ती त्या दिवशी कशी चुकवू? मग दुसऱ्या दिवशीही गेले. तक्त्याखाली नाव ह्यांचंच लिहीत राहिले. मंडळाला काहीच कळवलेलं नाही.

मंडळाचा नियम आहे, की खोट्या नावाच्या नोंदी खोडून टाकायच्या. म्हणजे ह्यांच्या नोंदींची अखंड ओळ ह्यांच्या जाण्याच्याच दिवशी तुटणार. त्याहून मला छळतंय ते हे, की माझं काय चुकलं? आठ म्हणजे आठलाच वाचते. ह्यांची सगळी पुस्तकं वाचून काढली, उत्तर सापडत नाही.

सांग, काय करू? तुझी माया आहे म्हणून विचारते. ती अशीच असू दे.
तुझी ताई

ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
वाकून नमस्कार (गुडघा न वाकवता).

पत्र वाचून रडले आणि मग तुझा राग आला. चौदा महिने पोटात ठेवलंस! मी तोंड धुण्याचं खरं धरून तुझ्यासाठी टॉवेल घेऊन उभी होते.

माझं ऐक. पेटी वाऱ्याने कलली म्हणून कळव आणि मोकळी हो. अर्ध्या अंशाने कुणाचं घोडं अडलंय? आमच्याकडे दोन घड्याळांत दहा मिनिटांचा फरक आहे, तरी संसार चाललाय. तुझे मेहुणे म्हणतात, ताईंनी खरं सांगावं. पण त्यांना खरं बोलून काय मिळालंय ते मला विचार.

आणि हा सतरा नंबर आहे तरी कोण? दुसऱ्याच्या अंगणातला अर्धा अंश मोजणारा माणूस एक तर रिकामटेकडा असणार, नाहीतर चोर. आधी चौकशी कर.

रागावले असले तरी तुझीच आहे, हे धरून चाल.
धाकटी

ता. २७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद. वि. वि.

खोटं लिहायला बसले होते. 'पेटी' हा शब्द लिहिला आणि पुढे हात चालेना. त्या पेटीचा कोपरान् कोपरा ह्यांनी पाणसळ लावून सरळ केलेला. ती कलली असं कोणत्या तोंडाने लिहू? मेहुण्यांचं ऐकलं. सतरा नंबरला सगळं खरं कळवलं आणि तू सांगितलंस तसं विचारलंही, की आपण कोण?

त्याचं उत्तर सोबत जोडलं आहे. खुर्चीत बसून वाच. वाचून झाल्यावर जिना उतरून शेजारणीकडे धावू नकोस.

उत्तराची वाट बघते, लांबवू नकोस.
तुझी ताई

(सोबतचं पत्र)
ता. २१ फेब्रुवारी

ती. वहिनींना,
सा. न. वि. वि.

दादा गेल्याचं वाचून दिवसभर काही सुचलं नाही. आम्ही बावीस वर्षं एकमेकांना फक्त आकडे लिहिले. तरी एखाद्या महिन्यात त्यांचा तक्ता दोन दिवस उशिरा आला, तर मला चैन पडत नसे.

आपण विचारलंत म्हणून सांगतो. मी सिनेमात काम करतो. आपल्या चौकातल्या फलकावर घोड्यावर बसलेला दिसतो, तो बहुधा मीच. कृपा करून मंडळात हे कुणाला सांगू नका. बाहेर लोकांना माझं सगळंच छान वाटतं. मंडळात आकडा चुकला तर चुकला म्हणतात. दादांनी आकड्यांवर लाल फुल्या मारून मला तीनदा खडसावलंय.

तीन डिसेंबरचीही नोंद आहे, हे मी पुन्हा तक्त्यात पाहिलं. आपलं काय चुकतं याचा मला अंदाज आहे, पण पेटी पाहिल्याशिवाय बोलणार नाही. ११ मार्चला रविवारी सकाळी साडेसातला आलो तर चालेल का?

दादांचा होतो, आता आपलाही समजावा,
सतरा नंबर

ता. ३ मार्च

ती. ताईस,
नमस्कार, नमस्कार, नमस्कार!

मी धावले नाही, मेहुणेच धावले. घोड्यावरचा तो? ज्याच्यासाठी मी एकच सिनेमा सहा वेळा पाहिला, तो? आणि तो तुझ्या मागच्या अंगणात येणार, जिथे तू पायपुसणी वाळत घालतेस?

माझा विश्वास नाही. कुणीतरी त्याच्या नावावर तुला फसवतंय. आणि तोच असला, तरी सोबत फोटोवाले घेऊन येईल. विधवा बाईच्या खांद्यावर हात, दुसऱ्या दिवशी पेपरात. ही माणसं हौससुद्धा दाखवण्यापुरती पाळतात. म्हणून तू परीक्षा घे. विचार, पुलावरच्या प्रसंगात तो कसा रडला? ते अश्रू खरे होते, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले आहे.

पायपुसणी उचल. माझ्या गुडघ्याला शिव्या देत,
तुझी अभागी धाकटी

ता. १९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तोच होता. एकटा आला, जुनी टोपी घालून, हातात वही. फोटोवाला नाही की गाडी नाही. शेजारच्या आजोबांनी त्याला मीटर वाचायला आलेला माणूस समजून बिलाची तक्रार ऐकवली; त्याने ती पूर्ण ऐकून घेतली.

घरात आला तो थेट मागे गेला. चहा गार झाला. पेटीसमोर गुडघ्यांवर बसून फळ्यांच्या फटी बघितल्या, पांढरा रंग पिवळा पडल्याने किती फरक पडत असेल त्यावर पाव तास बोलला. मला वाटलं होतं, की नाटकी असेल. पण एखादं मूल शंखशिंपले दाखवतं तसा चेहरा होता. कामाच्या करारातच लिहून घेतो म्हणे, की साडेआठच्या आत कॅमेऱ्यापुढे उभा राहणार नाही.

तुझा प्रश्न विचारला. प्रसंग त्याला नीट आठवेना. सकाळ मात्र आठवली: पुलावर चार अंश होते आणि बोचरा वारा होता. डोळ्यांतलं पाणी त्या वाऱ्याचं. तुला वाईट वाटेल म्हणून सांगणार नव्हते, पण या घरात आता खोटं लिहायचं नाही असं ठरलं आहे.

आठ वाजले. त्याने मला नेहमीसारखं वाचायला सांगितलं आणि बाजूला उभा राहून पाहिलं. मग विचारलं, दादा उंच होते का? ह्यांची उंची तुला ठाऊक आहे. ह्यांनी पेटी स्वतःच्या डोळ्यांच्या पातळीवर लावली होती. मी खालून मान वर करून वाचते. खुणा काचेवर पुढे, पारा आत मागे. खालून बघितलं की पारा खालच्या खुणेवर दिसतो. अर्धा अंश कमी! तो बाहेरगावी असला की त्याची आई वाचते, तिचंही असंच व्हायचं. म्हणून त्याला संशय आला. मी शिंपीण. गळ्यात टेप अडकवून जन्मभर लोकांच्या उंच्या मोजल्या, स्वतःची मोजायचं सुचलं नाही. मोजलं तर साडेसहा इंचांचा फरक.

चिटणिसांशी तो आधीच बोलून आला होता. चुकीचं कारण सापडलं, तर नोंदी खोडणार नाहीत. चौदा महिन्यांत अर्धा अंश मिळवतील. अट एकच, की तीन डिसेंबरपासून वाचणाऱ्याचं नाव बदलायचं आणि कारण लिहायचं. कारणाच्या रकान्यात 'निधन' लिहिलं. हा शब्द मी पहिल्यांदाच लिहिला. खाली माझं नाव. त्याने टोपी काढली. ओळ तुटलेली नाही.

काल त्याने लाकडी चौरंग पाठवला, बरोबर साडेसहा इंचांचा. आईसाठी केला होता तसाच, स्वतः केलेला. एक पाय जरा डुगडुगतो. नट आहे, सुतार नाही.

आज आठला त्यावर उभी राहिले. साडेबावीस. अगदी स्वच्छ दिसलं. उतरणार, तोच पेटीच्या बाजूने समोर नजर गेली. अंगणातली ती आडवी भिंत मला एरवी डोळ्यांच्या वर येते. आज तिच्यावरून माझी खिडकी दिसली: शिवणयंत्र, माझी खुर्ची, हुकावरची टेप. रोज आठला मी तिथेच बसलेली असायचे. आणि एक आकडा वाचायला पाच पाच मिनिटं कशाला लागतात, म्हणून एकोणतीस वर्षं तिथूनच ह्यांच्यावर ओरडायचे.

मलाही आज पाच मिनिटं लागली.

तुझा गुडघा बरा झाला की ये. तुला चौरंगावर उभी करीन. तोवर पत्रांतून भेटत राहा.
तुझी ताई