खुर्चीवरची उशी

सेंट-ओमेर, मेन
१५ फेब्रुवारी २००४

ती. जिनेटताईस,
ल्यूकचा शि. सा. नमस्कार.

काल चर्चच्या हॉलमध्ये, बीन्सच्या जेवणाला, मिरेईने एक कागदी पिशवी माझ्या हातात दिली आणि माझं आयुष्य तिथेच, कोशिंबिरीच्या टेबलापाशी, उलटंपालटं झालं. व्हॅलेंटाइनचा दिवस होता गं. मला मूर्खाला वाटलं, स्वेटर असेल. आत आईने विणलेली उशी होती.

आठ वर्षं बाबा ती उशी ऑगस्टाला विधानसभेतल्या त्यांच्या खुर्चीवर ठेवून बसले. दोन-दोन वर्षांच्या चार मुदती सलग झाल्या की कायदा उठवतो. पण एक मुदत बाहेर काढली की पुन्हा उभं राहता येतं. म्हणून बाबांनी, इथले पुष्कळ जण करतात तसं, आपलं माणूस खुर्ची ऊबदार ठेवायला बसवलं. बाळंतपणाच्या वॉर्डातली नर्स, निम्म्या खोऱ्याची नातवंडं जिने पहिल्यांदा हातात घेतली ती मिरेई. उशी तिच्या हवाली करताना बाबा म्हणाले होते, की पोरी, ऊबदारच परत कर हं. ते आधी कचरत होते, तेव्हा मीच छातीवर हात मारून म्हटलं होतं, की तिचा जामीन मी.

आता उशी परत आली, खुर्ची नाही. ती पुन्हा उभी राहतेय. बाबांच्या विरुद्ध! म्हणाली, की पहिलं वर्ष कुठलं दार कुठे उघडतं हे कळण्यातच गेलं, दुसरं मतं मागण्यात, आणि वॉर्ड वाचवायचं विधेयक थोडक्यात पडलं. आणखी एक मुदत मिळाली तर होईल. मी विचारलं, की आणि आपलं लग्न? तर म्हणाली, की लगासांच्या मुलाचा हात धरून लगासांच्या विरुद्ध उभी राहिले तर लोक म्हणतील, खुर्ची अजून त्याच स्वयंपाकघरात आहे. म्हणून आपलं इथेच संपलं. एवढं बोलून तिने माझ्या ताटात बीन्स वाढले, ताई. बीन्स!

बर्फात, घोड्याएवढी मूस-हरणं आडवी येणाऱ्या रस्त्याने तिला दर आठवड्याला ऑगस्टाला नेता यावं म्हणून मी कॉलेज सोडलं. आता नेऊ कुणाला? फोन केला असता, पण तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे आणि बाबा दिवसभर त्याच्याखालीच बसलेले असतात.

लोभ आहेच, या खेपेला जरा जास्त लागेल.
तुझा,
ल्यूक


पोर्टलंड
२२ फेब्रुवारी

चि. ल्यूकास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून रडले, मग थोडी हसलेसुद्धा, रागावू नकोस. मूससाठी म्हणे कॉलेज सोडलं! मूसच्या गालाला खळी पडते हे मला माहीत नव्हतं.

आता ऐक. मुदतीचा कायदा लोकांच्या मतदानाला आला तेव्हा तू दहा वर्षांचा होतास, पण मला लख्ख आठवतं. बाबा मत देऊन आले आणि टेबलावर थाप मारून म्हणाले, की हाकला त्या म्हाताऱ्यांना; आठ वर्षांत ज्याला जमलं नाही त्याला ऐंशीत जमणार नाही. स्वतः आठ वर्षं बसले तेव्हा कुठे कळलं, की काम कळायला लागतं आणि कायदा उठवतो.

मिरेईला कायद्याने चार मुदती आहेत. एकच घे, हे आपण सांगितलं, टेबलाभोवती बसून. खुर्ची सांभाळ असं बाबांनी आधी मला विचारलं होतं, हे तुला ठाऊक नाही. मी नाही म्हटलं आणि इथे निघून आले. आईने तेव्हापासून मला काही विणून दिलेलं नाही.

तिने शब्द मोडला, हे खरंच. पण तू रस्त्यात उभा राहून ओरडू नकोस. इकडे ये. खिडकीखाली खाट आहे, आणि इथेही कॉलेजं आहेत.

आईला माझा नमस्कार सांग, बाबांना सांगून बघ.
तुझी,
जिनेटताई


सेंट-ओमेर
६ मार्च

प्रिय ल्यूक,
स. न. वि. वि.

पोस्टाबाहेर माझ्या उमेदवारीच्या अर्जावर सह्या करणाऱ्यांना तू शेंदाडशिपाई म्हणालास, असं कळलं. त्यातल्या एकीला आठवा महिना आहे. तिला तरी सोड रे.

पहिल्या हिवाळ्यात मतदानाला घाबरून मी चुकीचं बटण दाबलं आणि ऑगस्टापासून हूल्टनपर्यंत रडले. तू एक पेपरमिंट दिलंस आणि वायपर लावलेस, बाहेर बर्फ नसताना. हे मी तुझ्याशिवाय कुणालाच सांगितलेलं नाही. गप्प राहा असं म्हणत नाही. ते तुझं तू ठरव.

शब्द दिला तेव्हा तो खरा होता. दोन्ही शब्द.

लोभ ठेव म्हणायचा हक्क राहिला नाही. टोपी घालत जा.
मिरेई


सेंट-ओमेर
१४ मार्च

ती. जिनेटताईस,
शि. सा. नमस्कार.

बाबांचा उमेदवारीचा अर्ज दाखल झाला. आज दुपारी जेवताना ते म्हणाले, की गाडीत दोन वर्षं ती तुझ्याशीच बोलत होती. एखादी चूक, एखादं रडगाणं असेलच, प्रचाराच्या पत्रकाला एक ओळ पुरे. तू जामीन होतास ना, मग भर आता. मी ताडकन उठलो. म्हटलं, की जामीन होतो, चहाडखोर नव्हतो! तिने मला सोडलं म्हणून गाडीतलं बोलणं मी बाजारात मांडू? आई तव्यावर प्लॉयचं धिरडं टाकत होती. ते करपलं तरी तिने उतरवलं नाही.

बाबा ओरडतील असं वाटलं होतं. ते फोनकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, की आठ वर्षं हा थांबायचा नाही रे, कुणाचा रस्ता, कुणाची पेन्शन. दोन वर्षांत एकदा वाजला, तोही चुकून. ती खुर्ची नाही तर मी कोण, हे तरी सांग.

मी त्यांच्या कपात कॉफी ओतली. पण ती एक ओळही दिली नाही. मग ते म्हणाले, की असं असेल तर या घरात तू तिचा माणूस आहेस. आणि तिच्या घरात मी लगासांचा, ताई. उद्या संध्याकाळी पोचतो, बहुतेक या पत्राच्याही आधी. खाट झटकून ठेव.

तुझा,
ल्यूक

ता. क. पेट्रोल पंपापाशी बसची वाट बघत लिहितोय. निघताना गाडीची किल्ली खिळ्याला लावली आणि उशी फोनखालच्या खुर्चीवर ठेवली. बाबा तिच्यावर बसले नाहीत. उचलून मांडीवर घेतली आणि तिचा सुटलेला धागा आत खुपसत राहिले. मी निघतो म्हटलं. त्यांनी मान वर केली नाही, फक्त म्हणाले, की थंडी आत येतेय. मी बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.