मयूरीच्या गालावरचा अंगठा

३ फेब्रुवारी

बल्बवाल्याचा निषेध! लेखी आणि सविस्तर. टेबलावरच्या दिव्यासाठी परवा नवा बल्ब आणला, तर त्याच्याभोवती रंगीत कडं — आत निळं, बाहेर तांबडं. पैसे प्रकाशाचे मोजले होते, इंद्रधनुष्याचे नव्हे. परत नेला. त्याने लावून पाहिला, म्हणाला, "काका, बल्बला काय धाड भरलीय? चांगला तर आहे." तरी बदलून दिला. तोही तसाच! अख्खी खेपच भ्रष्ट. कलियुगात तेजातही भेसळ.

हिचं मत — "बल्ब कसले बदलताय? डोळे दाखवा एकदा."

बायकोकडे सर्व व्याधींवर एकच मात्रा : डॉक्टर.

५ फेब्रुवारी

ठरलं. बाबांची नाणी प्रतवारीला पाठवायची. तिकडे जाणती मंडळी एकेक नाणं तपासतात, त्याला अंक देतात आणि कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत धाडतात. नाण्याचा संन्यासच म्हणायचा. पुन्हा मानवी स्पर्श नाही.

त्यांना मुख्य बघायचा असतो तो रंग. चांदी वर्षानुवर्षं कागदाच्या पुडीत पडून राहिली की तिच्यावर आपोआप छटा चढतात. तो खरा रंग. उतावळ्या लोकांनी शेगडीवर शेकून, औषधं चोपडून चढवलेला तो खोटा. खऱ्याला मान, खोट्याला नारळ.

बाबांच्या नाण्यांवर खोटं काही असणं शक्यच नाही. पुसायचं नाही, घासायचं नाही, धरायचं ते कडेने, तोंडाला बोट लावायचं नाही — हे आमचे घरचे वेद. दादाने लहानपणी एकदा बोट लावलं, तर त्याचा कान संध्याकाळपर्यंत लाल होता. आणि आता बाबा गेल्यावर अख्खी पेटी त्यानेच मला आणून दिली. "तुला त्यातलं कळतं," म्हणाला. बाबांची शेवटची वर्षं त्याच्याकडे गेली. मी दुसऱ्या गावाहून पत्रं लिहीत राहिलो, संस्कृत अवतरणांसकट.

सर्व नाण्यांचं नामकरण केलंय. लाडकी ती मयूरी. करड्या चांदीवर कुणा विस्मृत राणीचं मुख आणि कडेने निळं-जांभळं वलय. दिव्याखाली धरली की पिसारा फुलतो नुसता!

हिने भिंग लावून बराच वेळ पाहिलं. "कुठाय निळं? मला तर ही कावळी दिसते."

अरसिकेषु — जाऊ दे.

९ फेब्रुवारी

नाणेवाल्याकडे गेलो. नाणी तोच पाठवतो. बोलतो कमी, हुंकारतो जास्त. मऊ पाकिटांत एकेक सरकवत होता. मयूरीपाशी थांबला.

"छान आहे. खरा रंग आहे. करडा, कडेला जरासा सोनेरी."

"आणि निळा?"

"निळा?" त्याने नाणं कलतं केलं. पुन्हा कलतं केलं. "मला नाही दिसत बुवा. खिडकीत या."

खिडकीत गेलो. निळं नव्हतं. आभाळ आलं होतं, उजेड तसा मंदच होता. त्यामुळे असेल.

मग म्हणाला, "पण हा अंगठा नडणार. गालावर आहे बघा, राणीच्या. जुना ठसा, चांदीत मुरलाय. अंक खाली येईल."

मी मान डोलावली. म्हटलं, "हो, तो आहे खरा."

नव्हता दिसला मला. भिंगातून इतक्या वेळा पाहिलीय ती — ठसा कधीच दिसला नव्हता. आत्ताही दिसला नाही.

१० फेब्रुवारी

झोप नाही. कुणाचा अंगठा? पेटी कुणाकडे होती? दादाकडे! लहानपणीची सवय.

फोन केला. "बाबांच्या नाण्यांना हात लावलास तू?"

दादा म्हणाला, "लावला असेल." आणि दुसऱ्याच विषयावर गेला. कबुलीच ही. मी फटकन बोललो, "एवढं एक जपता आलं नाही तुला?" आणि ठेवून दिला.

ही ऐकत होती. म्हणाली, "शहाणे आहात."

तिने हा शब्द स्तुतीसाठी आजवर वापरलेला नाही.

१८ फेब्रुवारी

कचेरीत आमच्या संपादक बाई म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, डुलकी लागली होती का?" मी तपासून दिलेल्या प्रुफात चुका राहिल्या. त्याही शीर्षकात! जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. आता बाई माझ्या काढतात. उजव्या भुवईवर ठणका आहे. छपाईची शाई हलकी आलीय, त्याचा.

१९ फेब्रुवारी

हिने मला न विचारता डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मी तिला न विचारता रद्द केली. संसार समतोल आहे.

नाणी येऊ देत. मग बघू.

२६ फेब्रुवारी

नाणी आली नाहीत. नाणेवाल्याला फोन. "येतील." पुन्हा फोन. "अहो, नाणी आहेत, दूध नाही, नासत नाहीत!"

दादाचा फोन नाही. मीही केला नाही.

६ मार्च

आली. मयूरी डबीत बसलीय, अंक बेताचा. रंग नैसर्गिक. चेहऱ्यावर जुना ठसा. निळ्याचा उल्लेख नाही कुठेच.

संध्याकाळी दारात दादा! मी नव्हतं बोलावलं. हिचं काम. बसला, डबी हातात घेतली, उजेडाकडे धरली.

"हाच तो अंगठा?"

"हाच."

"माझा नाही रे हा. बाबांचा आहे."

मी हसलो. "बाबा? तोंडाला बोट लावतील? सूर्य पश्चिमेला उगवेल."

"शेवटी चाचपूनच ओळखायचे. ही राणी, हा घोडा, हे जहाज. दिसत नव्हतं त्यांना."

"म्हातारपणी तेवढं—"

"तेवढं नव्हे. काहीच. डोळ्यातला दाब वाढला होता. लवकर दाखवायला गेले असते तर जेवढी नजर होती तेवढी टिकली असती, असं डॉक्टर म्हणाले. हे गेले नाहीत. कुणाचं ऐकलंय त्यांनी?"

"मला कुणी सांगितलं नाही!"

"तेच नको म्हणाले. धाकट्याला सांगू नकोस, लिहायचा थांबेल तो. तुझी पत्रं मी वाचून दाखवायचो. तुझ्या संस्कृतपाशी माझी गाडी अडली की पुढचं ते म्हणायचे. तोंडपाठ. खूश व्हायचे."

मी म्हटलं, "फोनवर मी जे—"

"सोड रे. माझ्या कानाला सवय आहे."

हसलो दोघंही. मग मी विचारलं, सहज विचारावं तसं — "सुरुवात कशी झाली होती त्यांची?"

"मजेशीरच. दिव्यांवर चिडायचे आधी. सारखे बल्ब बदलायला लावायचे मला. म्हणायचे, भोवती रंगीत कडी दिसतात, माल खराब आहे."

ही चहाचे कप घेऊन आली होती. ती तिथेच थांबली. माझ्याकडे पाहिलं.

मी दादाला विचारलं, साखर पुरेशी आहे का. त्याने अजून कप उचललाही नव्हता.

७ मार्च

बल्बवाल्याचा निषेध मागे घेतला.

सकाळी मीच हिला म्हणालो, चल. ती आधीच तयार होती. मयूरीची डबी खिशात टाकली; अंगठा ठेवून पाहिला तर नुसतं प्लास्टिक लागतं.

इथे तरी खरं लिहितो. ते कडं नव्या बल्बाचं नाही. मला ते गेल्या वर्षापासून दिसतंय. मी आंधळा होईन, अशी भीती वाटते.