गच्चीवरच्या बिबड्या

अहो,

कंपनीत तुमचा फोन गेटवर जमा असतो, म्हणून ही चिठ्ठी फ्रिजवर लावून जातेय. आईंना ऊन लागलंय. शेजारच्या दिपमालाताईंना सोबत घेऊन त्यांना रिक्षानं सरकारी दवाखान्यात नेतेय.

पंचेचाळीस अंशांच्या उन्हात आई दुपारभर गच्चीवर वाळत घातलेल्या ज्वारीच्या बिबड्या राखत बसल्या होत्या. गेल्या मे महिन्यात अवकाळीनं सगळं वाळवण भिजलं, ते वर्षभर मला ऐकवत होत्या. आज सकाळी मीही तिरीमिरीत बोलून गेले, "मग यंदा तुम्हीच राखा." त्या राखत बसल्या. मी खाली कूलरसमोर झोपले होते. वर गेले तर डोक्यावरचा ओला रुमाल वाळून कडक झालेला आणि त्या मला ओळखेनात. तळपायाला कांदा चोळला, अंगावर पाणी शिंपडलं, पण ताप उतरत नाही.

आल्याबरोबर आधी गच्चीवर जा आणि बिबड्या गोळा करा. मेहरूण तलावाच्या बाजूनं आभाळ काळं होत चाललंय. त्यांना बाकी कशाची शुद्ध नाही, पण "बिबड्या वाळन्यात का वं?" एवढं सारखं विचारताहेत.

नको, राहू द्या. पत्र्यावर थेंब वाजायला लागले आणि रिक्षावाला हॉर्न देतोय. वर जाऊ नका, सरळ दवाखान्यात या. त्यांनी विचारलं तर तुम्हीच सांगा, बठ्ठ्या वाळन्यात, एकूण एक वाळल्या म्हणून. माझ्यावर त्यांचा विश्वास बसायचा नाही.

सारिका