रांगेतली पिशवी

ताईस तुझ्या भांडखोर भावाचा नमस्कार.

मी बरा आहे. सरकारी धान्यगोदामात पोती उतरवतो, पोटभर जेवतो. पाठ जरा धरते, पण ते आईला सांगू नकोस. तिचा खोकला कसा आहे?

जमीन माणसांचा स्वभाव घडवते, असं तू वर्गात शिकवायचीस आणि मी हसायचो. इथे नुसता खडक आहे, काही पिकत नाही. पीठ आठवड्यातून एकदा ट्रकने येतं आणि आमच्या गोदामातच मिळतं. त्यामुळे रांग मोडायची कुणाची छाती नाही. कामावर जाणारे आपली रिकामी पिशवी रांगेत ठेवून जातात.

मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एक पिशवी मी पायाने बाजूला सारली. मागची म्हातारी म्हणाली, "बाबा, पिशवी नाही ती. माणूस उभा आहे."

मी तापलो. "मग बोलत का नाही तो?"

कुणी हसलं नाही, कुणी शिवीही दिली नाही. मी पिशवी झटकून जागेवर ठेवेपर्यंत अख्खी रांग नुसती थांबून राहिली.

ताई, मी कॉलेज सोडलं, जिच्याशी लग्न करणार होतो तिच्या वडिलांशी भांडलो आणि तिला "थांब" एवढंही न म्हणता निघून आलो. आता फार थकलोय गं.

सोबत एक रिकामी पिशवी पाठवतोय. तिला दे आणि ही गोष्ट सांग. तिने ठेवून घेतली तर कळव. परत केली तर तुलाच भाजीला होईल. मी तापणार नाही.

तुझा,
धाकटा