वारा शून्य पॉइंट तीन

४ सप्टेंबर २०१७, सोमवार. मारेगाव.
आजतारखेपर्यंत स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तू: पंपाचे स्टार्टर एकवीस (एक जळाला, पण त्यात वायर गिऱ्हाइकाची होती). सरकीची पेंड फोडायचं मशीन एक. बायको अकीलाच्या शिलाई मशीनला मोटर (ती पुन्हा पायानेच चालवते, तिची मर्जी). आणि कालपासून वारामापी: चार स्टीलच्या वाट्या, जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर. मोटरसायकलला बांधून वणी रोडवर दहा, वीस, तीसच्या स्पीडला तपासला. चूक शून्य.
शिक्षण सातवी. बाकी सगळं स्वतः.
यंदा बोंडअळीने लोक सारखे फवारतात. कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली आहे. वारा असला की औषध परत तोंडावर येतं. तालुक्यात चार जण दवाखान्यात. म्हणून माझं मशीन: पहाटे साडेपाचला वारा मोजेल आणि सत्तावन्न शेतकऱ्यांना आपोआप फोन लावून माझ्या आवाजात सांगेल. वारा नाही, फवारणी करा. किंवा, वारा आहे, थांबा.
वारामापी माझ्या रिपेअरिंगच्या दुकानाच्या टिनाच्या छपरावर बसवला. वायर चौदा फूट होती, बरोबर पुरली.

६ सप्टेंबर, बुधवार.
दुपारी अकीलाशी चपलेबद्दल बोललो. संध्याकाळी मोबाइलवर चपलेचीच जाहिरात. घाबरलो नाही. मोबाइल गव्हाच्या कोठीत टाकून झाकण लावलं. अकीला म्हणाली, आता पिठाची जाहिरात येईन.
संकल्प: दर रविवारी दुकानात मोफत वर्ग. विषय, मोबाइल आणि माणूस. लोकांना कोणीतरी सावध करायला हवं. तालुक्यात माझ्याशिवाय कोणी दिसत नाही.

१० सप्टेंबर, रविवार.
पहिला वर्ग. उपस्थिती नऊ. पैकी दोघं पाऊस थांबेपर्यंत.
फळ्यावर लिहिलं: यंत्र माणसासाठी आहे. अक्षर चांगलं आलं.
इंदुताईंनी हात वर केला. अंगणवाडीत तीस वर्षं काढून रिटायर झाल्या, प्रश्न विचारायची सवय जात नाही. म्हणाल्या, कोणत्या माणसासाठी जलालभाऊ? म्हटलं, सगळ्या. म्हणाल्या, सगळ्यांसाठी आलेला खाऊ कोणाच्या घरी जाते ते मी पाह्यलं आहे. प्रश्न पुढच्या रविवारवर ठेवला.
रामराव, बारा एकर पऱ्हाटी, मागून ओरडले, ते राहू द्या, मले सांगा पहाटे फोन येईन का नाही! म्हटलं, येईलच. यादी पक्की केली. सत्तावन्न नंबर, सगळे मालकांचे. पाठीवर पंप घेणाऱ्या मजुरांचे घेतले नाहीत. मालक सांगतीलच.

१५ सप्टेंबर, शुक्रवार.
वारा ०.३. काल ०.३. परवा ०.३. सोमवारपासून रोज पहाटे सत्तावन्न जणांना फोन जातो, वारा नाही, फवारणी करा. यंत्र स्थिर आहे. असं स्थिर यंत्र कंपनीतसुद्धा बनत नाही.
अकीला म्हणाली, तुमचं मशीन झोपलं काय? दोरीवरचे कपडे उडून राह्यले. तिला समजावलं की कपड्यांना कॅलिब्रेशन नसतं. ती कपडे गोळा करायला शेजारच्या अंगणात गेली.

१७ सप्टेंबर, रविवार.
दुसरा वर्ग. उपस्थिती सहा. इंदुताईंचा प्रश्न वेळेअभावी राहिला. वेळ पाच मिनिटं उरली होती, ती मशीन दाखवण्यात गेली.

२० सप्टेंबर, बुधवार. दुपारी अडीच.
रामरावांचा फोन. त्यांच्या शेतात फवारणारा देवसिंग, तांड्यावरचा, धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच, पडला. उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडाला फेस. जीपमध्ये टाकून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेला.
रामराव म्हणाले, तो म्हणत होता मालक आज वारा लय आहे, उद्या मारतो. मीच म्हटलं, जलालभाईचं मशीन सांगते वारा नाही, तू कोण सांगणारा?
मग म्हणाले, मशीन खोटं बोलत नाही ना?
म्हटलं, चूक शून्य.

त्याच दिवशी, चार वाजता.
टिनावर चढलो. वाट्या जेमतेम हलत होत्या. हात डोक्यावर केला तर बोटांना वारा लागला. चांगला वारा. पश्चिमेला कापड दुकानाची तीन मजली भिंत आहे, टिनापासून सहा फूट दोन इंच. वारा तिथेच अडतो.
वारामापी बरोबर आहे. माझ्या टिनावर खरोखरच वारा नाही.
उतरताना पाय शिडीची पायरी शोधत राहिले. वय बावन्न, त्यामुळे.

२१ सप्टेंबर, गुरुवार.
मशीन बंद. स्विच काढला, प्लग काढला, बॅटरीपण काढली. तरी साडेपाचला उठून बसलो. माझाच आवाज कुठेतरी बोलतो आहे असं वाटलं. अकीलाला विचारलं, तुला ऐकू येतं का? तिने कपाळाला हात लावून पाहिला.
शटर अर्धंच उघडलं. गर्मीमुळे. दारात मोटरसायकल थांबली की स्क्रूड्रायव्हर हातातून सुटतो. चारदा सुटला. चारही गिऱ्हाइकं होती.
आणि फोन. सकाळपासून तेवीस. सगळ्यांचं एकच: आज फोन नाही आला, फवारू का नको? एकाला म्हटलं, बाहेर जाऊन पाहा ना बाबा, झाड हलते का. तो म्हणाला, तुम्हीच पाहून सांगा.
हे मी केलं. सतरा दिवसांत.
(दुरुस्ती: फोन सुरू झाल्यापासून मोजले तर दहा.)

२४ सप्टेंबर, रविवार.
तिसरा वर्ग. विषय, जबाबदारी. उपस्थिती एक, इंदुताई. म्हणाल्या, देवसिंगले भेटून आले काय? म्हटलं, निघणारच आहे. म्हणाल्या, मग वर्ग सुटला.
संकल्प: उद्या जाणे.

२७ सप्टेंबर, बुधवार.
गेलो. बसमध्ये एक डझन केळी घेतली होती, तीन मीच खाल्ली, जीव घाबरल्यासारखा होत होता म्हणून. वॉर्डच्या दारापर्यंत पोहोचलो. देवसिंग आत, डोळे उघडे, पण कोणाकडे पाहत होता ते कळत नव्हतं. बायको विजयमाला त्याचे हात धरून बसलेली, कारण ते थांबत नव्हते. तिने दाराकडे पाहिलं.
आत गर्दी होती. परत आलो.
केळी बाकावर राहिली.

३० सप्टेंबर, शनिवार.
रामराव सांगून गेले, देवसिंग वाचला. ते गेल्यावर दुकानातच खाली बसलो. अर्ध्या तासाने अकीलाने उठवलं. तिला म्हटलं, फरशीवर स्क्रू शोधत होतो. तीही शोधू लागली.

४ ऑक्टोबर, बुधवार. सकाळी अकरा.
देवसिंग स्वतः दुकानात आला. डोळे अजून लाल, एक हात खिशात दाबून धरलेला. मी टेबलाच्या मागच्या बाजूला गेलो. पाना तिथे होता म्हणून. वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.
तो स्टुलावर बसला. म्हणाला, जलालभाई, मशीन काहून बंद केलं?
मी पाना पुसायला घेतला.
म्हणाला, फोन बंद झाला अन् मालक लोक वारा असो नसो फवारा म्हणून राह्यले. काल माह्या भावाले फवारायले लावलं. तुमच्या आवाजाले ते मानतात, माह्या बोलण्याले नाही. मी पहाटे धुऱ्यावर उभा राहीन. हातात माती घेऊन सोडली की वारा कुठला अन् किती, मले समजते. तुम्हाले फोन करीन. तुम्ही फक्त तुमच्या आवाजात सत्तावन्न जणाले सांगा. थांबा म्हणा.
त्याला नीट समजावून सांगितलं. मातीचा आकडा निघत नाही. दशांश कुठून आणायचा? मशीनमध्ये माणूस उभा केला तर ते मशीन राहत नाही. आणि उद्या चुकलं तर आवाज कोणाचा लागेल? माझा.
तो म्हणाला, पंप आता उचलवत नाही, म्हणून थोडी रोजी लागन. मी नाही म्हणालो. वीस रुपये रोज मागत होता.